आजाऱ्याच्या गाडीचें भाडें कोणाचें?

आजारी माणसास दवाखान्यांत नेणाऱ्या गाडीचें भाडें कोणीं द्यावें, हा प्रश्न वरवर पाहतां लहान दिसतो. ज्यास नेलें त्यानें द्यावें, आणि त्याजपाशीं नसेल तर कोणा दयाळू मनुष्यानें द्यावें, इतकें बोलून पुष्कळजण मोकळे होतात. परंतु खेड्यापाड्यांत राहणाऱ्या आमच्या वाचकांस ठाऊक आहे कीं, ह्याच लहान प्रश्नापाशीं कितीएक जीव अडून राहतात. रात्रीं कळा येऊं लागलेली बाई, सर्पदंश झालेला शेतमजूर, धाप लागलेलें मूल, ह्यांच्या घरांत त्या वेळीं दोन प्रकारचें भय असतें. एक मरणाचें आणि दुसरें भाड्याचें. पहिल्या भयाविषयीं आपण पुष्कळ बोलतों. दुसऱ्याविषयीं बोलण्याची लाज वाटते, म्हणून तें मनांतच राहतें व आंतल्या आंत आपलें काम करितें. ह्या दुसऱ्या भयाविषयीं आज थोडा विचार करूं.

भाड्याचें भय काय करितें, हें प्रथम नीट पाहिलें पाहिजे. त्यामुळें कर्ज होतें, शेळी विकावी लागते, कानांतलें सोनें गहाण पडतें, हें खरें आहे. पण ही हानि मागाहूनची आहे. तिच्याहून मोठी हानि आधींच झालेली असते. घरचीं माणसें म्हणतात, "सकाळपर्यंत पाहूं; कदाचित् उतार पडेल." हे शब्द निष्काळजीपणाचे नसतात. बापाच्या मनांत आपल्या मुलाविषयीं प्रीति नसते असें नाहीं. तो मनांत रुपये मोजीत असतो. आणि कितीएक दुखणीं अशीं आहेत कीं तीं सकाळची वाट पाहत नाहींत. बाळंतपणानंतर रक्तस्राव थांबला नाहीं, तर दोन-तीन तासांतच बाईचा प्राण जाऊं शकतो. मेंदूंतील रक्तवाहिनी गुठळीनें बंद होऊन एक अंग लुळें पडलें, तर ती गुठळी विरघळविण्याचें औषध साधारणपणें पहिल्या साडेचार तासांच्या आंतच देतां येतें. विषारी सापानें दंश केला असतां प्रतिविष जितक्या लवकर मिळेल तितकें बरें. म्हणून भाडें ही नुसती पैशाची गोष्ट नाहीं. ती वेळेची गोष्ट आहे. ज्याच्या खिशांत पैसे आहेत तो पहिल्या घटकेस निघतो. ज्याच्या खिशांत नाहींत तो पांचव्या घटकेस निघतो. दोघांस दवाखाना एकच, डॉक्टर एकच, औषध एकच. तरी एक जगतो आणि एक मरतो. मरणाच्या दाखल्यावर रोगाचें नांव लिहितात. भाड्याचें नांव कोणी लिहीत नाहीं.

यावरून एक गोष्ट उघड होते. जी मदत आजारी मनुष्य परत आल्यावर, अथवा त्यास मूठमाती दिल्यावर, हळहळून दिली जाते, ती चांगली खरी, पण तिच्यानें कर्ज मात्र फिटतें. गेलेला वेळ परत येत नाहीं. मदत मिळेल हें ज्यास आधींपासून निश्चित ठाऊक असतें तोच रात्रीं न डगमगतां गाडी बोलावितो. तेव्हां ह्या लेखांत जें सांगावयाचें तें थोडक्यांत इतकेंच: गरिबाच्या गाडीचें भाडें दुखणें येण्याच्या आधींच ठरलेलें व ठेवलेलें असावें, आणि तें गरिबास ठाऊक असावें. असें करणें हा केवळ उदारपणा नाहीं. तें शेजाऱ्याचें देणें आहे.

"देणें" हा शब्द पुष्कळांस कठीण वाटेल. ते विचारतील, ज्यानें गाडी वापरली त्यानें पैसे द्यावे, हा न्याय नव्हे काय? बाजारांत जो माल घेतो तोच किंमत देतो. होय, परंतु बाजारांतला सौदा आणि हा सौदा ह्यांत मोठें अंतर आहे. बाजारांत भाव परवडला नाहीं तर आपण पुढच्या दुकानीं जातों, अथवा न घेतां घरीं येतों. सौद्यास न्याय्य म्हणावयाचें तें एवढ्यासाठीं कीं, "नको" म्हणण्याची मोकळीक दोन्ही पक्षांस असते. पण ज्याच्या मांडीवर मूल आचके देत आहे त्यास "नको" म्हणण्याची मोकळीक कोठें आहे? गाडीवाला पांचशें म्हणो कीं पांच हजार म्हणो, तो मान डोलावील. आणि जो बेशुद्ध आहे त्यानें तर मानही डोलाविलेली नसते. दुसऱ्यांनीं त्यास उचलून गाडींत घातलें. अशा मनुष्यास मागाहून "तूं अमुक रुपयांचा ऋणी झालास" असें सांगणें हा व्यवहार असेल, पण त्यास न्याय म्हणतां येत नाहीं. सन २०२० मध्यें साथीच्या दिवसांत ठिकठिकाणीं खाजगी रुग्णवाहिकांनीं मन मानेल तसें भाडें घेतलें, तेव्हां सर्वोच्च न्यायालयानें त्या वर्षाच्या सप्टेंबरांत राज्यांस सांगितलें कीं, रुग्णवाहिकांचे वाजवी दर ठरवून द्यावे. न्यायालयास असें कां सांगावें लागलें? कारण बिछान्यापाशीं केलेला सौदा हा सौदाच नव्हे. तो आधीं, शांतपणें, आणि अडलेल्या मनुष्याऐवजीं न अडलेल्या मनुष्यांनीं केला पाहिजे.

आमच्या वाचकांपैकीं बहुतेकांस चांगल्या शोमरोन्याचा दाखला लहानपणापासून पाठ आहे. पण ह्या प्रश्नाच्या उजेडांत तो पुनः एकदां पाहावा. त्या मनुष्यानें जखमा बांधल्या, ही गोष्ट आपण सांगतों. त्यानें गाडीचें व भाड्याचें काय केलें, हें आपण घाईनें ओलांडून जातों. त्यानें जखमीस आपल्या स्वतःच्या जनावरावर बसविलें. म्हणजे वाहन त्याचें, आणि आपण पायीं चालला. उतारशाळेंत पोंचल्यावर त्यानें दोन नाणीं काढून दिलीं. त्या काळीं तें एक नाणें मजुराची एका दिवसाची मजुरी असे. म्हणजे त्यानें दोन दिवसांची मजुरी दिली. हें काहीं राजाचें दान नव्हे. बेताच्या मनुष्यासही तें देतां येतें. परंतु सर्वांत मोठी गोष्ट पुढें आहे. अधिक खर्च लागल्यास तो आपण परत येतांना भरून देऊं, असें तो जामीन राहून गेला. जखमी मनुष्य शुद्धीवर आला तेव्हां त्याच्या उशाशीं हिशेबाचा कागद नव्हता. हिशेब झाला होता, पण तो दुसऱ्याच्या नांवावर. आणि तो रस्ता चोरांचा असतां हा एकटा कां निघाला, ह्याची चौकशी कोणीं केल्याचें आपण वाचीत नाहीं.

आपल्या देशाच्या कायद्यासही आतां हें शिक्षण मान्य झालें आहे, हें वाचकांनीं ध्यानांत ठेवावें. सन २०१६ च्या मार्चांत सर्वोच्च न्यायालयानें अपघातांतील जखमीस मदत करणाऱ्यांच्या रक्षणाचे नियम बंधनकारक केले, आणि सन २०१९ मध्यें मोटार वाहन कायद्यांत दुरुस्ती होऊन कलम १३४ अ घालण्यांत आलें. रस्त्यावर पडलेल्या जखमीस जो परका मनुष्य दवाखान्यांत पोंचवितो, त्यास तेथें अडकवून ठेवतां येत नाहीं, नांव सांगण्याची जबरदस्ती करितां येत नाहीं, आणि दाखल करण्याचे पैसे त्याजपाशीं मागतां येत नाहींत. इतक्या दिवस "उगाच लफडें मागें लागेल" म्हणून जे रस्त्याच्या दुसऱ्या बाजूनें निघून जात होते, त्यांची सबब आतां राहिली नाहीं.

हें देणें केवळ धर्माचें नसून राज्याचेंही आहे. सन १९९२ च्या जुलैंत बंगाल्यांतील एक शेतमजूर आगगाडींतून पडून त्याच्या डोक्यास भारी इजा झाली. त्यास एकामागून एक सरकारी रुग्णालयांत नेण्यांत आलें. कोठें खाट नाहीं, तर कोठें उपचाराची सोय नाहीं, असें सांगून त्यास परत पाठविण्यांत आलें. शेवटीं एका खाजगी रुग्णालयांत सुमारें १७,००० रुपये खर्चून त्यानें उपचार करून घेतले. मजुरांची संघटना व तो मनुष्य सर्वोच्च न्यायालयांत गेले. सन १९९६ च्या मे महिन्यांत न्यायालयानें निकाल दिला कीं, वेळेवर उपचार न मिळणें हा जगण्याच्या हक्काचा भंग आहे, आणि पैसे नाहींत ही सबब सरकारास सांगतां येणार नाहीं. त्या मजुरास २५,००० रुपये भरपाई देण्यास सांगितलें. आणि त्याच निकालांत, प्राथमिक आरोग्य केंद्रांतून आजाऱ्यास मोठ्या रुग्णालयांत नेण्यासाठीं साधनसामग्री व माणसें असलेल्या रुग्णवाहिकांची नीट व्यवस्था असावी, असेंही सांगितलें. म्हणजे गाडी ही उपचाराचा भाग आहे, उपचाराच्या बाहेरची चैन नव्हे, हें देशाच्या न्यायालयानें कबूल केलें.

महाराष्ट्रांत आज काय सोय आहे, तें प्रत्येक प्रचारकास तोंडपाठ असलें पाहिजे. सन २०१४ च्या जानेवारींत राज्यांत १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका सेवा चालू झाली. आरंभीं तिच्या ९३७ गाड्या होत्या. त्यांपैकीं २३३ गाड्यांत अतिगंभीर आजाऱ्यांसाठीं विशेष साधनें आणि बाकीच्या ७०४ गाड्यांत प्राथमिक साधनें होतीं, व गाडींत डॉक्टर असण्याची योजना होती. हा क्रमांक फिरविण्यास पैसे पडत नाहींत व गाडीस भाडें पडत नाहीं. १०२ क्रमांकाची गाडी विशेषेंकरून गरोदर स्त्रिया, बाळंतिणी व तान्हीं मुलें ह्यांच्यासाठीं आहे. सन २०११ च्या जून महिन्यापासून देशभर चालू झालेल्या जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमाप्रमाणें, बाळंतपणासाठीं सरकारी दवाखान्यांत जाणें, तेथून गरज पडल्यास मोठ्या रुग्णालयांत जाणें, आणि परत घरीं येणें, हीं तिन्ही मोफत आहेत. तिसरी गोष्ट. धर्मादाय म्हणून नोंदलेल्या मोठ्या खाजगी रुग्णालयांस, सन २००६ मध्यें मुंबई उच्च न्यायालयाच्या आदेशानें ठरलेल्या योजनेप्रमाणें, तातडीच्या आजाऱ्यास अनामत रक्कम न मागतां दाखल करून घेऊन प्राण वाचविण्याचे उपचार द्यावे लागतात, आणि मग जरूर पडल्यास त्यास सरकारी रुग्णालयांत पोंचविण्याची व्यवस्था करावी लागते. ज्या घरांत हें ठाऊक नाहीं, त्या घरास ही सोय असून नसल्यासारखी आहे. ज्ञान नसल्यामुळें जो खाजगी गाडीस कर्ज काढून पैसे देतो, त्याच्या कर्जाचा कांहीं अंश आपणा शिकलेल्यांच्या माथीं येतो.

येथें कोणी म्हणेल, "सरकार गाडी देतें, मग आपण कशाला वर्गणी काढावी?" ह्याचें उत्तर देण्यापूर्वीं सरकारी गाडी कोठें पोंचत नाहीं तें पाहावें. पालघर, नंदुरबार, गडचिरोली ह्या जिल्ह्यांत असे पाडे आहेत कीं तेथें गाडीचा रस्ताच गेलेला नाहीं. तेथें बांबूस झोळी बांधून आजाऱ्यास खांद्यावरून डांबरी सडकेपर्यंत आणावें लागतें, आणि पावसाळ्यांत ओढे भरले म्हणजे तेंही कठीण होतें. दुसरें असें कीं, गाडी दुसऱ्या आजाऱ्याकडे गेलेली असेल तर थांबावें लागतें, आणि सर्वच दुखणीं थांबत नाहींत. तिसरें, १०८ ची गाडी दवाखान्यांत नेते, पण पाय मोडलेल्या म्हाताऱ्यास बरा झाल्यावर घरीं आणून सोडणें हें तिचें काम नव्हे. चौथें सर्वांत दुःखाचें आहे. जो दवाखान्यांत मरण पावतो, त्यास ही गाडी नेत नाहीं. कारण ती जिवंतांसाठीं राखून ठेवलेली आहे, आणि तें योग्यही आहे. पण मग गरिबानें आपलें मृत माणूस घरीं कसें न्यावें? सन २०१६ च्या ऑगस्टांत ओडिशांतील कलाहांडी जिल्ह्यांत एका आदिवासी मनुष्याची बायको जिल्ह्याच्या रुग्णालयांत क्षयरोगानें वारली. गांव सुमारें ६० किलोमीटर दूर. गाडी मिळाली नाहीं व भाड्यास पैसे नव्हते, म्हणून त्यानें प्रेत चादरींत गुंडाळून खांद्यावर घेतलें, आणि लहान मुलगी बरोबर रडत चालली. सुमारें दहा किलोमीटर चालून गेल्यावर कांहीं वार्ताहरांनीं पाहिलें व गाडीची सोय झाली. तें चित्र सर्व जगानें पाहिलें, आणि त्याच महिन्यांत त्या राज्याच्या सरकारनें प्रेतें घरीं पोंचविण्यासाठीं मोफत गाड्यांची योजना चालू केली. योजना झाली हें चांगलें झालें. पण ती एका मनुष्याच्या खांद्यावरून आली.

तर सरकार देतें म्हणून आपण द्यावयाचें नाहीं, हें म्हणणें टिकत नाहीं. परंतु ह्याच्या उलट बाजूसही एक धोका आहे, आणि तो सांगितलाच पाहिजे. आपण वर्गणी जमविली म्हणजे १०८ ला हांक मारण्याचें सोडून दर वेळीं खाजगी गाडी आणूं लागलों, तर सरकारचें कर्तव्य गंजून जाईल. गाडी आली नाहीं तर तक्रार कोण करील? डब्यांतून पैसे देऊन आपलें समाधान होईल, आणि ज्या शेजारच्या गांवांत डबा नाहीं तेथील गरीब तसाच मरेल. म्हणून नियम असा असावा: प्रथम १०८, ती येईना अथवा तिचें तें काम नसेल, तर गांवचा निधि, आणि ती कां आली नाहीं ह्याविषयीं दुसऱ्या दिवशीं आरोग्य केंद्रांत व ग्रामसभेंत विचारणा. जो निधि दुसऱ्याचें कर्तव्य झांकून ठेवितो तो पुरा धर्म नव्हे.

दुसरा आक्षेप असा कीं, फुकट मिळालें म्हणजे लोक आळशी व परावलंबी होतात. हा आक्षेप पुष्कळ दानांविषयीं खरा असेल. ह्या दानाविषयीं तो खरा नाहीं. फुकट गाडींत बसावयास मिळतें म्हणून कोणी आपला पाय मोडून घेत नाहीं. दवाखान्यांत जाणें ही हौस नव्हे. मात्र बाजाराला जाण्यासाठीं दुखण्याचें सोंग घेणारा एखादा असेल. त्याच्यावर उपाय म्हणून सर्वांस आधीं चौकशींत उभें करावें काय? तसें केल्यास जें भय काढावयाचें तेंच पुनः दाराशीं उभें राहील. प्रथम न्यावें व मग विचारावें. एका लबाडास एकदां फुकट नेल्यानें डब्यांतील कांहीं रुपये जातील. एका खऱ्या आजाऱ्यास चौकशीसाठीं थांबविल्यानें जें जाईल तें कोणत्याच डब्यांतून भरून येणार नाहीं.

तिसरा आक्षेप अधिक अवघड. "अमक्यानें आपली मजुरी दारूंत घालविली, त्याच्या गाडीचे पैसे कष्टाळू मनुष्यानें कां द्यावे?" ह्या तक्रारींत न्यायाची जाणीव आहे, म्हणून ती हंसून उडवूं नये. कष्टाळू विधवेनें डब्यांत टाकलेला रुपया आळशाच्या कामीं गेला तर तिला वाईट वाटेल, आणि तें योग्य आहे. परंतु दोन वेळा वेगळ्या आहेत. शिक्षणाची, दटावण्याची, वाट दाखविण्याची एक वेळ असते. ती मनुष्य पायावर उभा असतां असते. तो आडवा पडला असतां ती वेळ नसते. नेपोलियनच्या काळीं लारे नांवाचा एक फ्रेंच सैन्यवैद्य होऊन गेला. रणांगणांतून जखमींस त्वरित उचलून आणण्यासाठीं हलक्या, जलद गाड्या त्यानें १७९० नंतरच्या वर्षांत प्रथम व्यवस्थितपणें चालविल्या. त्याचा नियम असा होता कीं, ज्याची जखम अधिक भारी त्यास आधीं पाहावयाचें. तो सरदार कीं शिपाई, आपला कीं शत्रूचा, हें पाहावयाचें नाहीं. रुग्णवाहिकेचा हा मूळचाच नियम आहे. ती गुण पाहत नाहीं, गरज पाहते. डब्यांत पैसे थोडे आणि आजारी दोन असे झाले, तर तेव्हांही हाच नियम लावावा. कोणाची वर्गणी भरली आहे, कोण उपासनेस नियमित येतो, हें त्या रात्रीं विचारूं नये.

ह्यांतच चौथ्या प्रश्नाचें उत्तर आहे, कीं मंडळीचा निधि मंडळीच्याच लोकांसाठीं असावा कीं सर्व गांवासाठीं? शेजारी कोण, हा प्रश्न ज्या शास्त्र्यानें विचारला त्यास यादी पाहिजे होती. त्यास यादी मिळाली नाहीं, परक्या जातीच्या मनुष्याचें उदाहरण मिळालें. आपल्या काळींही असें उदाहरण आहे. उत्तर बंगाल्यांतील जलपाईगुडी जिल्ह्यांत करीमुल हक नांवाचे चहाच्या मळ्यांत काम करणारे एक गृहस्थ आहेत. सन १९९५ मध्यें त्यांची आई रुग्णवाहिका न मिळाल्यामुळें वारली. पुढें मळ्यावरचा एक सोबती कोसळला, तेव्हां त्यांनीं त्यास आपल्या पाठीशीं बांधून मोटारसायकलीवरून दवाखान्यांत नेलें. आणि तेव्हांपासून आसपासच्या खेड्यांतील आजाऱ्यांस ते असेंच फुकट नेऊं लागले. स्वतः गरीब असतां त्यांनीं हें केलें. सन २०१७ मध्यें सरकारनें त्यांस पद्मश्री दिली. ते ज्यांस नेतात त्यांचा धर्म विचारीत नाहींत. ज्याला आपल्या घरांत भाड्याची अडचण कळली, त्यानें दुसऱ्याच्या घरांतली ओळखली.

एका पाळकाच्या कामाचें उदाहरणही येथें देण्यासारखें आहे. ऑस्ट्रेलियाच्या मध्यभागीं शेंकडों मैल ओसाड प्रदेश आहे, आणि तेथें विखुरलेल्या वस्तींत आजारी पडणें म्हणजे पुष्कळदां मरणेंच असे. जॉन फ्लिन हे प्रेस्बिटेरियन मंडळीचे पाळक त्या भागांत काम करीत होते. त्यांच्या पुष्कळ वर्षांच्या खटपटीनें सन १९२८ च्या मे महिन्यांत क्वीन्सलंडांतील क्लॉनकरी गांवाहून डॉक्टरास घेऊन जाणारें विमान प्रथम निघालें. एका कारखानदारानें मृत्युपत्रानें दिलेले २,००० पौंड आणि मंडळ्यांची व इतरांची वर्गणी ह्यांवर त्या कामाचा आरंभ झाला. तेंच काम आज रॉयल फ्लाइंग डॉक्टर सर्व्हिस ह्या नांवानें चालतें. फ्लिन ह्या व्यवस्थेस सर्व प्रदेशावर पांघरलेलें सुरक्षिततेचें वस्त्र समजत असत. ही कल्पना मोलाची आहे. वस्त्र फक्त थंडी वाजली त्या क्षणीं विणावयाचें नसतें. तें आधीं विणून घरांत ठेवलेलें असतें, आणि तें आहे ह्या भरंवशावर मनुष्य निर्धास्त निजतो. ज्या कुटुंबास विमान कधीं बोलवावें लागलें नाहीं, त्यासही त्याचा लाभ झाला. कारण त्याचें भय गेलें.

आमच्या वाचकांपैकीं कोणी म्हणेल, विमानें व कारखानदार आपल्यापाशीं कोठें आहेत? नसोत. मिझोराममधील प्रेस्बिटेरियन मंडळींत सन १९१० पासून एक रीत आहे. घरची बाई प्रत्येक वेळीं भात शिजवितांना एक मूठ तांदूळ बाजूस ठेविते. ते तांदूळ जमवून विकतात, आणि त्या मुठींवर मंडळीचें मोठें काम चाललें आहे. मुठीची रीत आपल्या महाराष्ट्रांतील मंडळ्यांसही परकी नाहीं. ज्वारीची एक मूठ कोणत्याही घरास जड नाहीं; आणि ज्या घरची मूठ डब्यांत पडली, त्या घरास अडचणीच्या वेळीं डब्याकडे पाहतांना लाज वाटत नाहीं. ही गोष्ट पैशाहून मोठी आहे. भिक्षा आणि वाटा ह्यांत हेंच अंतर आहे.

आतां कांहीं व्यवहाराच्या सूचना. पहिली: निधीचा डबा दोन किल्ल्यांचा असावा आणि किल्ल्या दोन वेगळ्या घरीं असाव्या, हिशेब दर महिन्यास सर्वांपुढें वाचावा. दुसरी: हिशेब वाचतांना रक्कम वाचावी, ज्यास मदत झाली त्याचें नांव वाचूं नये. तिसरी: गांवांत ज्याची जीप अथवा रिक्षा असेल, त्याच्याशीं दिवसाउजेडीं बसून तालुक्यापर्यंतचें व जिल्ह्यापर्यंतचें भाडें ठरवावें व तें कागदावर लिहून ठेवावें, आणि तो पैशासाठीं आजाऱ्याच्या घरीं न जातां डब्याकडेच येईल, असें वचन घ्यावें. गाडीवाल्याचेंही पोट आहे. त्याचे पैसे बुडवून केलेला धर्म हा धर्म नव्हे. चौथी: दिलेली रक्कम उसनी म्हणून लिहूं नये, कारण उसनें लिहिलें कीं पुढच्या वेळीं तोच मनुष्य पुनः "सकाळपर्यंत पाहूं" म्हणेल. ज्यास पुढें हात मोकळा होईल त्यानें आपण होऊन डब्यांत टाकावें, आणि तें कोणीं टाकलें हें कोणीं पाहूं नये. पांचवी: जेथें रस्ता नाहीं तेथें पैशाआधीं खांदे लागतात. झोळी उचलण्यासाठीं चार तरुणांचीं नांवें आळीपाळीनें ठरलेलीं असावीं. पक्षघाती मनुष्यास ज्या चौघांनीं छप्पर उघडून खालीं सोडलें, त्यांचीं नांवें शुभवर्तमानांत नाहींत. पण त्यांचे खांदे होते म्हणून तो मनुष्य पोंचला. सहावी: आशा सेविका, शाळामास्तर व ग्रामपंचायतीचे सभासद ह्यांस ह्या कामांत सामील करावें, म्हणजे निधि साऱ्या गांवाचा होईल.

हें सर्व करूनही कांहीं आजारी मरतील. गाडी वेळेवर पोंचली तरी मरण कधीं कधीं आधीं पोंचतें. त्यावर मनुष्याचा इलाज नाहीं. परंतु जें मरण केवळ भाड्यामुळें येतें, त्यावर इलाज आहे, आणि तो आपल्या हातांत आहे. तेव्हां, प्रिय प्रचारक बंधूंनो व मंडळीच्या भगिनींनो, पुढच्या सभेंत हा विषय काढा. १०८ व १०२ हे आंकडे मंदिराच्या व शाळेच्या भिंतीवर ठळक लिहा. डबा ठेवा. गाडीवाल्याशीं बोला. आणि मग घरोघर जाऊन, विशेषतः ज्या घरीं कोणी मागावयास धजत नाहीं त्या घरीं जाऊन, एवढेंच सांगा: "दुखणें आलें तर भाड्याचा विचार करूं नका, तो झालेला आहे."